पर्यायी मार्ग खरोखरच पर्यायी आहे का?

६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातील जेद्दाजवळ तांबड्या समुद्राच्या तळावरील केबल तुटल्या आणि भारत, पाकिस्तान व संयुक्त अरब अमिरातीतील अनेक ग्राहकांना इंटरनेट मंदावल्याचा अनुभव आला. इंटरनेटवर देखरेख ठेवणाऱ्या नेटब्लॉक्स या संस्थेने ‘सी-मी-वी ४’ आणि ‘आयएमईडब्ल्यूई’ या दोन केबल प्रणालींचा उल्लेख केला. मध्यपूर्वेतून जाणारी वाहतूक अन्य मार्गांनी वळविण्यात आली असून तिला नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो, असे मायक्रोसॉफ्टने ‘अझूर’ सेवेच्या ग्राहकांना कळविले. सेवा संथ झाली, पण सर्वस्वी बंद पडली नाही.

केबल तुटूनही संपर्क टिकतो, याचे श्रेय प्रामुख्याने राउटर या यंत्राला आणि ते चालविणाऱ्या अभियंत्यांना जाते. मुख्य मार्ग खंडित होताच माहिती दुसऱ्या मार्गाने रवाना करण्याची सिद्धता राउटर आधीच करून ठेवू शकतो. ही निवड तो कशी करतो, हा विषय आजवर अभियंत्यांपुरता मर्यादित राहिला. मात्र ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयद्वारे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. बँका, रुग्णालये, रेल्वे आरक्षण आणि शासकीय सेवा याच तारांवर विसंबून असताना पर्यायी मार्गाचा प्रश्न सार्वजनिक हिताचा ठरतो. राउटरचे गणित भक्कम आहे. परंतु ज्या नकाशावर ते मांडले जाते, तो नकाशा अनेकदा अपुरा असतो. धोका तेथे आहे.

प्रत्येकापाशी संपूर्ण नकाशा

एखाद्या दूरसंचार कंपनीच्या जाळ्यातील राउटर ‘ओएसपीएफ’ किंवा ‘आयएस-आयएस’ या नियमावलींनुसार परस्परांना आपापल्या जोडण्यांची माहिती देतात. त्यामुळे प्रत्येक राउटरपाशी त्या जाळ्याचा एकसारखा नकाशा तयार होतो. प्रत्येक दुव्याला एक अंक दिलेला असतो. त्याला ‘खर्च’ म्हणतात. हा अंक किलोमीटर दर्शवीलच असे नाही. दुव्याची क्षमता, त्यावर लागणारा वेळ किंवा कंपनीची पसंती यांनुसार तो ठरविला जातो. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने प्रत्येक राउटर सर्व ठिकाणांपर्यंतचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढतो आणि पॅकेट त्या दिशेने पाठवितो.

दुवा तुटल्यावर चार कामे क्रमाने व्हावी लागतात: बिघाड ओळखणे, तो सर्वांना कळविणे, मार्गांची पुन्हा गणना करणे आणि नवे मार्ग यंत्राच्या स्मरणकोशात उतरविणे. नियमावलीत सुचविलेल्या मूळ मूल्यांवर विसंबले, तर ‘ओएसपीएफ’मध्ये शेजारी निकामी झाला असे मानण्यासच ४० सेकंद लागू शकतात. म्हणून आता सेकंदाच्या अल्पांशात शेजाऱ्याची हालहवाल घेणारी ‘बीएफडी’सारखी स्वतंत्र व्यवस्था वापरली जाते. तरीही उरलेल्या तीन कामांना वेळ लागतोच, आणि तेवढ्या अवधीत तुटलेल्या दुव्याकडे जाणारी माहिती वाया जाते.

ही हानी किती, हे साध्या हिशेबाने लक्षात येते. सेकंदाला १०० गिगाबिट वाहून नेणाऱ्या दुव्यावरून ५० मिलिसेकंदांत ६२५ मेगाबाइट माहिती जाऊ शकते. एका सेकंदाच्या खंडात याच्या वीसपट. दूरध्वनीच्या वर्तुळाकार प्रकाशतंतू जाळ्यांत बिघाडानंतर ५० मिलिसेकंदांत दुसऱ्या बाजूने वाहतूक वळविण्याची प्रथा होती. तोच निकष इंटरनेटलाही लावण्यात आला आणि त्यातून ‘फास्ट रिरूट’ अर्थात शीघ्र मार्गपालटाचे तंत्र विकसित झाले. त्यामागील विचार सरळ आहे: बिघाड झाल्यावर पर्याय शोधत बसू नये, तो आधीच शोधून हाताशी ठेवावा.

शेजाऱ्याची परीक्षा

आधी शोधून ठेवायचा पर्याय निवडताना राउटरपुढील मुख्य भीती असते ती फेऱ्याची. आपण शेजाऱ्याकडे दिलेले पॅकेट त्याने आपल्याकडेच परत पाठविले, तर ते दोघांमध्ये घिरट्या घालत राहील आणि अखेरीस टाकून दिले जाईल. बिघाडाची वार्ता शेजाऱ्यापर्यंत अद्याप पोहोचलेली नसते; तो जुन्याच नकाशावर चालत असतो. म्हणून त्याचा जुना मार्ग आपल्याकडे उलटत नाही ना, हे आधी तपासावे लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुंबई–अहमदाबाद दुव्याचा खर्च ९, अहमदाबाद–दिल्ली ५, मुंबई–पुणे २, पुणे–नागपूर ७ आणि नागपूर–दिल्ली १० आहे. मुंबईहून दिल्लीला जाणारे पॅकेट अहमदाबादमार्गे १४ खर्चात पोहोचते. आता मुंबई–अहमदाबाद दुवा तुटला. पुणे हा मुंबईचा उरलेला एकमेव शेजारी. परंतु पुण्याच्या दृष्टीने दिल्लीचा मार्ग कोणता? नागपूरमार्गे खर्च १७. मुंबईमार्गे २ अधिक १४, म्हणजे १६. पुण्याचा राउटर स्वस्त मार्ग निवडणार आणि पॅकेट पुन्हा मुंबईच्या दारात आणून टाकणार.

हीच परीक्षा इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लूप-फ्री अल्टरनेट’ पद्धतीच्या केंद्रस्थानी आहे. शेजाऱ्यापासून गंतव्यस्थानापर्यंतचा खर्च हा शेजाऱ्यापासून आपल्यापर्यंतचा व आपल्यापासून गंतव्यापर्यंतचा खर्च यांच्या बेरजेहून कमी असला, तरच तो शेजारी पर्याय म्हणून ग्राह्य धरावा. पुण्याच्या बाबतीत दोन्ही बाजू १६ भरतात. पुणे परीक्षेत अनुत्तीर्ण ठरते. मुंबई–नागपूर असा ८ खर्चाचा थेट दुवा असता, तर नागपूरचा दिल्लीपर्यंतचा खर्च १० आणि मुंबईमार्गे जाण्याचा खर्च २२. नागपूर निःशंकपणे उत्तीर्ण झाले असते.

ही पद्धत सोपी असून शेजारी राउटरमध्ये कोणताही बदल मागत नाही. तिची उणीव एवढीच, की प्रत्येक ठिकाणासाठी असा शेजारी सापडेलच याची हमी नसते. वर्तुळाकार रचनेत तर ही अडचण वारंवार येते, आणि आपल्याकडील शहरांची व जिल्ह्यांची अनेक जाळी वर्तुळाकारच आहेत.

पाकिटावर दुसरे पाकीट

शेजारी विश्वासार्ह नसेल, तर त्याच्या पलीकडचा कोणी शोधावा, हा पुढील टप्पा होय. आपल्या उदाहरणात नागपूर त्या कसोटीस उतरते. तुटलेल्या दुव्याला स्पर्श न करता मुंबईहून नागपूरला जाता येते, आणि नागपूरहून दिल्लीला जाणारे पॅकेट मुंबईकडे परतत नाही. मुंबईचा राउटर मूळ पॅकेट दुसऱ्या पाकिटात घालतो आणि त्यावर नागपूरचा पत्ता लिहितो. पुण्याला केवळ बाहेरचा पत्ता दिसतो. तो ते निमूटपणे नागपूरला धाडतो. नागपूर वरचे पाकीट काढते, आत दिल्लीचा पत्ता पाहते आणि पॅकेट पुढे रवाना करते. ‘रिमोट’ पर्याय म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत २०१५ मध्ये प्रमाणित झाली.

असा एकही मधला थांबा सापडला नाही, तर ‘सेगमेंट राउटिंग’ उपयोगी पडते. त्यात पॅकेटच्या माथ्यावर एकाहून अधिक थांब्यांची यादी लिहिता येते. गरज पडल्यास अमुक दुव्यावरूनच जा, असाही आदेश देता येतो. नकाशावर पर्यायी मार्ग अस्तित्वात असेल, तर तो या पद्धतीने गाठता येतो. शिवाय सर्व राउटरांची फेरगणना पूर्ण झाल्यावर वाहतूक ज्या मार्गाने जाणार आहे, तोच मार्ग आरंभापासून वापरता येतो. त्यामुळे वाहतूक एकदा तात्पुरत्या आणि नंतर कायम मार्गावर अशी दोनदा हलवावी लागत नाही. याखेरीज ‘एमपीएलएस’ जाळ्यांत संपूर्ण वळणमार्ग आधीच आखून ठेवण्याची पद्धत २००५ पासून प्रमाणित असून ती आजही वापरात आहे.

फेरगणनेच्या काळातही एक सूक्ष्म धोका उरतो. मुंबईच्या राउटरने नवा नकाशा लवकर स्वीकारला आणि पुण्याने उशिरा, तर मुंबई साधे पॅकेट पुण्याला देईल आणि पुणे जुन्या सवयीने ते परत करील. हा फेरा क्षणिक असला, तरी वेगवान दुव्यावर तेवढ्यानेही कोंडी होते. म्हणून बिघाडालगतच्या राउटरने नवा मार्ग स्वीकारण्यास थोडा विलंब करावा आणि तोवर दुहेरी पाकिटाचा मार्ग चालू ठेवावा, असा उपाय २०१८ मध्ये प्रमाणित करण्यात आला.

अनेकांतून एकाची निवड

पर्याय एकाहून अधिक असतील, तेव्हा केवळ खर्चावर निर्णय सोपविणे हिताचे नसते. पहिला प्रश्न असा, की बिघाड दुव्याचा आहे की पलीकडच्या राउटरचा? अहमदाबादचा राउटरच बंद पडला असेल, तर अहमदाबादलाच अन्य दिशेने नेणारा पर्याय निरुपयोगी ठरतो. नागपूरमार्गे जाणारा पर्याय अहमदाबादला टाळतो. म्हणून तो अधिक सुरक्षित. दुसरा प्रश्न क्षमतेचा. मोठ्या दुव्याची वाहतूक लहान दुव्यावर लोटली, तर तिच्यासह त्या दुव्यावरील मूळ वाहतूकही रखडते. एका ठिकाणचा बिघाड वाचविताना दुसऱ्या ठिकाणी कोंडी निर्माण होते. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: मुख्य आणि पर्यायी दुवा एकाच कारणाने तुटू शकतात का?

अभियंते याला ‘सामायिक जोखीम गट’ म्हणतात. मुंबईहून अहमदाबादला आणि पुण्याला जाणारे प्रकाशतंतू शहराबाहेर पडेपर्यंत एकाच खंदकातून नेले आहेत, असे समजा. राउटरच्या नकाशावर ते दोन स्वतंत्र दुवे आहेत. खोदकाम करणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ती एकच तार आहे. हे दोन दुवे एका गटात मोडतात, अशी नोंद अभियंत्याने स्वतः केली, तरच राउटर त्याची दखल घेऊ शकतो. जमिनीखाली काय आहे, ते राउटरला दिसत नाही. नोंद नसेल किंवा ती जुनी झाली असेल, तर तो अचूक गणित करून चुकीचा पर्याय निवडतो.

नकाशाबाहेरचे वास्तव

याची किंमत अनेकदा मोजावी लागली आहे. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी घसरून आग लागली. त्या बोगद्यातून अनेक कंपन्यांचे प्रकाशतंतू नेलेले होते. एका दुर्घटनेने परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांना एकाच वेळी फटका बसला. २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेस झालेल्या भूकंपाने त्या सामुद्रधुनीतील अनेक केबल एकदम तोडल्या आणि पूर्व आशियातील दळणवळण विस्कळीत झाले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या केबल खंडित झाल्या, तेव्हा भारताची पश्चिमेकडील इंटरनेट क्षमता मोठ्या प्रमाणावर घटली आणि देशातील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांना वाहतूक पूर्वेकडून वळवावी लागली.

तांबड्या समुद्राची कथा तर पुनःपुन्हा तीच आहे. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी हुथी बंडखोरांच्या क्षेपणास्त्राने ‘रुबीमार’ हे मालवाहू जहाज निकामी झाले. ते भरकटत असताना त्याच्या नांगराने समुद्रतळावरील केबल तोडल्या असाव्यात, असा निष्कर्ष अमेरिकी अधिकाऱ्यांनी मांडला. ‘एएई-१’, ‘ईआयजी’ आणि ‘सीकॉम’ या केबल त्या काळात बाधित झाल्या. या केबलांचे मालक वेगळे, बांधणीची वर्षे वेगळी, नकाशावरील रेषा वेगळ्या. सामुद्रधुनी मात्र एकच. युरोप आणि आशिया यांना जोडणारा सर्वांत जवळचा सागरी मार्ग इजिप्त आणि तांबड्या समुद्रातूनच जातो, हे भूगोलाने ठरविले आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. ५० मिलिसेकंदांचा मार्गपालट एका कंपनीच्या जाळ्यात होतो. दोन कंपन्यांच्या जाळ्यांमध्ये ‘बीजीपी’ ही वेगळी नियमावली चालते. तेथे संपूर्ण नकाशा कोणापाशीच नसतो आणि मार्ग ठरविताना अंतराइतकेच, किंबहुना अधिक, वजन व्यापारी करारांना असते. त्या पातळीवर मार्ग बदलण्यास काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. दुसऱ्या केबलवर क्षमता आधीच विकत घेतलेली नसेल, तर ती मिळविण्यास दिवस लागतात. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणून मार्ग दहा हजार किलोमीटरनी लांबला, तर जाण्यायेण्यात सुमारे १०० मिलिसेकंदांची भर पडते. सप्टेंबर २०२५ मध्ये जाणवलेल्या संथपणामागे हे लांबलेले अंतर होते आणि उरलेल्या मार्गांवर वाढलेली गर्दीही.

भारतापुढील प्रश्न

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजेच ट्रायच्या, नोंदीनुसार २०२२ च्या अखेरीस १७ आंतरराष्ट्रीय सागरी केबल देशातील १४ केंद्रांवर किनाऱ्याला लागत होत्या. त्यांचा मोठा भार मुंबई आणि चेन्नई या दोन शहरांवर आहे. मुंबईत वर्सोव्याच्या किनारपट्टीवर अनेक केबल जवळजवळ उतरतात. केंद्रांची संख्या आणि मार्गांची स्वतंत्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. केंद्रे चौदा असली, तरी त्यांतील कितींचे समुद्रमार्ग, किनाऱ्यावरील खंदक आणि वीजपुरवठा परस्परांपासून खरोखर वेगळे आहेत, हा निर्णायक प्रश्न आहे. सागरी केबल हा महत्त्वाचा आणि अत्यावश्यक सेवेचा भाग मानावा, दुरुस्तीसाठी भारतीय ध्वजाखालील जहाजांचा विचार व्हावा, अशा शिफारशी ट्रायने जून २०२३ मध्ये केल्या.

चित्र बदलण्याची चिन्हे आहेत. ‘सी-मी-वी ६’ ही नवी केबल चेन्नई आणि मुंबईला जोडली जात आहे. मेटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये घोषित केलेला ५० हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा ‘वॉटरवर्थ’ प्रकल्प अमेरिका, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि भारत यांना जोडणारा आहे. गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्राबरोबरच नवे सागरी केबल प्रवेशद्वार उभारण्याची घोषणा केली. पूर्व किनाऱ्यावर नवे द्वार उघडणे म्हणजे मुंबई–चेन्नईवरील अवलंबित्व कमी होणे. मात्र विशाखापट्टणमहून देशाच्या अंतर्भागात जाणारे तंतू पुन्हा त्याच महामार्गालगतच्या त्याच खंदकात घातले, तर समुद्रात मिळविलेली स्वतंत्रता जमिनीवर गमावली जाईल.

बेटांचा प्रश्न आणखी मूलभूत आहे. चेन्नई–अंदमान केबलचे उद्घाटन ऑगस्ट २०२० मध्ये आणि कोची–लक्षद्वीप केबलचे जानेवारी २०२४ मध्ये झाले. उपग्रहावर अवलंबून असलेल्या तेथील नागरिकांना त्यामुळे मोठा दिलासा मिळाला. तथापि मुख्य भूमीशी जोडणारी केबल एकच असेल, तर कोणताही राउटर पर्याय शोधू शकत नाही. नकाशावर जो मार्ग नाही, तो गणिताने निर्माण होत नाही. अशा ठिकाणी उपग्रह जोडणी आणीबाणीसाठी सुसज्ज ठेवणे आणि दुसऱ्या केबलचा विचार करणे, हाच पर्याय उरतो.

देशांतर्गत जाळ्यांचा सर्वांत मोठा शत्रू समुद्रात नसून रस्त्याकडेला आहे. समन्वयाविना होणाऱ्या खोदकामामुळे दरवर्षी सुमारे १० लाख ठिकाणी प्रकाशतंतू तुटतात आणि सुमारे तीन हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचा अंदाज आहे. त्यावर उपाय म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू करण्यात आले. खोदण्यापूर्वी संबंधित कंपनीला कळवावे, ही त्यामागील कल्पना. या व्यवस्थेला सामायिक जोखमीच्या नोंदीची जोड दिली, तर तिचा लाभ अनेक पटींनी वाढेल. कोणत्या कंपनीचे तंतू कोणत्या नलिकेतून, कोणत्या पुलावरून आणि कोणत्या बोगद्यातून जातात, याची अद्ययावत नोंद कंपन्यांपाशी असेल आणि ती त्यांच्या राउटरमध्ये उतरविली जाईल, तेव्हाच पर्यायी मार्ग नावाप्रमाणे पर्यायी ठरेल.

अशी माहिती जाहीर केल्यास घातपाताचा धोका वाढेल, हा आक्षेप रास्त आहे. नकाशा सर्वांसमोर ठेवण्याची गरजही नाही. नियामकाने ती गोपनीय स्वरूपात मागवावी, परस्परांशी ताडून पाहावी आणि दोन ‘स्वतंत्र’ जोडण्या एकाच खंदकात सापडल्या तर संबंधितांना कळवावे, एवढे पुरेसे आहे. दोन कंपन्यांकडून जोडणी घेणारे रुग्णालय किंवा बँक आपण सुरक्षित असल्याचे मानते. त्या दोन्ही कंपन्यांनी तिसऱ्याच एका कंपनीचे तंतू भाड्याने घेतले असतील, तर हे ग्राहकाला आज कळण्याचा सहज मार्ग नाही. करारात मार्गाच्या स्वतंत्रतेची लेखी हमी मागणे आणि ठरावीक काळाने मुख्य जोडणी प्रत्यक्ष बंद करून पर्याय तपासणे, ही दक्षता ग्राहक संस्थांनाही घेता येते.

शीघ्र मार्गपालटाचे गणित गेल्या दोन दशकांत परिपक्व झाले आहे. त्याला अचूक माहिती आणि पुरेशी क्षमता पुरविण्याचे काम मात्र यंत्र करू शकत नाही. ते कंपन्यांचे, नियामकाचे आणि रस्ते खोदण्यास परवानगी देणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थांचे आहे. तांबड्या समुद्रातील पुढचा बिघाड टाळणे भारताच्या हाती नाही. त्या दिवशी वाहतूक वळविण्यासाठी वेगळी वाट तयार असणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ती वाट केबल तुटण्यापूर्वीच बांधावी लागते.